सातवी रात्र मोफत

१८ नोव्हेंबर, सोलापूर

श्री सिद्धेश्वर प्रसन्न.

ही वही मालकांनी दिली. "मामा, रोजचा खर्च न चुकता लिहायचा. पेट्रोल, जेवण, मुक्काम. चहासुद्धा." गुरुशांत मालक माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहेत, पण खर्चाची गोष्ट निघाली की त्यांचा आवाज थेट त्यांच्या वडिलांसारखा होतो.

मी त्यांच्या शेडमध्ये टॉवेल तपासतो आणि घडी घालतो. चोवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत शेडबाहेर माझा कुणाशी धंद्याचा शब्द झालेला नाही. आता व्यापारी माल उचलत नाहीत. बारा मागांतले पाच चालू आहेत. मालक म्हणाले, "दलाल नको आता. तुम्ही ओम्नी घेऊन निघा. सांगली, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी. हॉटेलवाल्यांना थेट माल दाखवा. संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत मोठी ऑर्डर आली तर बरं. नाही आली तर माग काढून टाकतो."

माग निघाले की मी निघालो, आणि माझी बायको रंभाही. ती तिथंच टॉवेलच्या शिलाईवर आहे. शिवाय आणखी वीसेक घरं.

"मला बोलायला जमत नाही, मालक."

"टॉवेल बोलेल की. तुम्ही फक्त उघडून दाखवा."

घरी सांगितलं तर रंभा हसून हसून भाकरी करपवून बसली. "तुमी? भाजीवालीला कोथिंबिरीची काडी जास्त मागत न्हाई, आन् हाटेलवाल्याला टावेल इकणार?" मग माझे शर्ट इस्त्रीला देऊन आली.

हाती रोख पंचवीस हजार. आजचा खर्च नाही. खर्च लिहून झाल्यावर पानावर पुष्कळ जागा उरते, ती कोरी सोडवत नाही म्हणून हे लिहिलं.

२५ नोव्हेंबर, सांगली

पेट्रोल १,५००. जेवण १४०. चहा तीन वेळा. गेल्या तीन रात्री गाडीतच झोपलो, मुक्काम शून्य.

ऑर्डरही शून्य. मोठ्या हॉटेलचा वॉचमन माझ्या पिशवीकडे बघतो आणि ठरलेलं वाक्य म्हणतो, "सेल्समन मागच्या दारानं." आज चौथ्यांदा ऐकलं. मागचं दार म्हणजे धोबीखाना, भांडी आणि कचऱ्याचे डबे. मनात म्हटलं, मी काय मांजर आहे मागच्या दारानं जायला? माल चोख आहे, आपण पुढच्या दारानं जाऊ.

आणि मग मला एक युक्ती सुचली. मला युक्ती सुचते तेव्हा आसपास कुणीतरी शहाणं माणूस असायला हवं. आज नव्हतं.

पाहुणा म्हणून गेलो तर कोण अडवणार?

'सुखनिवास' नावाच्या हॉटेलात पिशवी गाडीत ठेवून शिरलो. वॉचमननं सलाम केला. काउंटरवरच्या मुलीच्या छातीवर सृष्टी असं नाव लावलेलं होतं. ती म्हणाली, "सर, किती रात्री?" मला आजवर कुणी सर म्हटलेलं नाही. त्या भरात एकऐवजी दोन म्हणून गेलो.

मुक्काम २,२०० गुणिले दोन.

मग ती म्हणाली, "सर, आमच्या पॉइंटच्या स्कीमचे मेंबर व्हा. फुकट आहे. सहा रात्री राहिलात की सातवी मोफत, दोघांसाठी. आमच्या कुठल्याही हॉटेलात." माझ्या फोनमध्ये तिनंच सगळं घालून दिलं. एका रात्रीचे पाचशे पॉइंट. तीन हजार झाले की झालं.

२६ नोव्हेंबर, सांगली

खोली पांढरीशुभ्र आहे. शिरल्याबरोबर आधी टॉवेल पाहिला. कडेला निळी पट्टी, वजनाला हलका. धागा सैल पिळाचा, दोन ठिकाणी लूप ओढलेला. याच्या शेजारी आमचा ठेवला तर न्यायाधीश लागणार नाही.

सकाळी मॅनेजर स्वतः टेबलाजवळ आले. "सर, सगळं ठीक?" हीच वेळ होती. पिशवी पायाशी होती. मी म्हणालो, "पोहे छान झालेत."

ते गेले. मी बसून विचार केला. ज्याच्या घरी पाहुणा म्हणून उतरलो, ज्याच्या ताटातलं खातोय, त्यालाच माल दाखवायचा कसा? आमच्या घरी कुणी पाहुणा येऊन जेवणाच्या मध्येच साड्या दाखवू लागला तर? दाराबाहेर मी विक्रेता असतो म्हणून आत घेत नाहीत, आणि आत आलो की पाहुणा होतो म्हणून विकता येत नाही. ही अडचण मालकांना फोनवर नीट समजावता आली नाही. ते एवढंच म्हणाले, "मामा, पोहे किती रुपयांचे?"

पोहे खोलीभाड्यात धरलेले आहेत. तसं सांगितलं.

२९ नोव्हेंबर, कोल्हापूर

इथल्या सुखनिवासात दोन रात्री. एकूण चार.

मिरजेला एका लॉजनं दोन डझन नॅपकिन घेतले. माझी पहिली ऑर्डर. वाटेत आणखी पाच-सहा लॉज दिसले, बरे वाटले, पण थांबलो असतो तर कोल्हापूरला पोचायला उशीर झाला असता आणि दुपारी चारनंतर खोली मिळेलच असं नसतं.

आज हिशेब मांडला. सहा रात्रींचे तेरा हजार दोनशे. सातव्या रात्रीसह भागले तर रात्रीला एक हजार आठशे शहाऐंशी. म्हणजे दर रात्री तीनशे चौदा रुपयांची बचत. तीनदा पडताळून पाहिलं, बरोबर येतं. मालकांना फोनवर सांगितलं. त्यांनी आकडे पुन्हा सांगायला लावले. मग म्हणाले, "आणि गाडीत झोपलं तर रात्रीला किती पडतं?"

हा प्रश्न मी मांडलेल्या हिशेबात बसत नाही.

३० नोव्हेंबर, कोल्हापूर

फोनवर निरोप आला की मी आता 'रौप्य सदस्य' झालो. काउंटरवर पाण्याची बाटली आणि बिस्किटाचा पुडा मिळाला. बिस्किटं दोन. एक रंभासाठी ठेवलं.

तिला संध्याकाळी फोन केला. बेत सांगितला की सातवी रात्र आपण दोघं राहू. सोलापुरातही होटगी रोडला यांचं हॉटेल आहे.

"व्हय? घरापासनं दोन मैलावर झोपायला जायाचं?"

"अगं, एसी असतो. गादी अशी की माणूस रुतून बसतो."

"मग उठवायला कोण येनार? आन् घराला कुलूप लावून शेजारच्या शिवम्माला काय सांगू, कुटं चाललो म्हणून?"

पण तिचं मन गेलंय त्यावर, आवाजावरून कळतं. मग तिनं शेडची बातमी दिली. दोन माणसं येऊन माग बघून गेली. एक एक माग हलवून बघितला, साच्याचं लोखंड किती किलो भरेल ते विचारलं. मालकांनी बायकांना सांगितलं की रंगवायचे आहेत.

ऐकून बरं वाटलं. मालकांनी उमेद सोडलेली नाही तर. रंगवायला वजन कशाला लागतं ते मात्र कळलं नाही. रंग किलोवर लावत असतील.

"औ," रंभा म्हणाली, "ऑर्डरचं बगा की जरा."

"बघतोय."

"पोहे बगताय तुमी."

३ डिसेंबर, बेळगाव

मुक्काम २,२००. पाच रात्री झाल्या. पॉइंट अडीच हजार.

आज एक शंका आली आणि ती दिवसभर गाडीत माझ्या शेजारी बसून होती. मुक्कामाचे पैसे मालकांचे. पॉइंट माझ्या नावावर. मग सातवी रात्र कुणाची?

माझ्या वडिलांची, आबांची आठवण झाली. ते सांगोल्याकडून दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघायचे ते आखाडात परत. आम्ही पोरं शाळेपुरती गावी, सुटीत कळपामागं. रात्री कळप कुणाच्या तरी शेतात बसवायचा. रात्रभराच्या लेंडीखताचं त्या शेताला सोनं व्हायचं, म्हणून शेतकरी सकाळी ज्वारी द्यायचा, कधी वर गूळ. मुक्काम आम्ही करायचो आणि मोबदलाही आम्हालाच. जगात असंच असतं असं मला बरीच वर्षं वाटत होतं. पहिल्यांदा लॉजमध्ये उतरलो तेव्हा सकाळी पैसे मागितले तर मी खरंच गोंधळलो होतो.

त्या कळपात मेंढरं चार घरांची असायची. ज्वारी कुणाची, असा प्रश्न कधी निघाला नाही. ती एकाच परातीत पडायची आणि सगळे खायचे.

म्हणजे सातवी रात्र शेडमधल्या सगळ्यांची झाली. पण एका खाटेवर वीस घरं कशी झोपणार? तेव्हा व्यवहार म्हणून मी आणि रंभानंच ती भोगावी, असं ठरवलं. विचार स्वच्छ आहे. फक्त तो ठरवणारा मीच आहे, एवढीच खोट.

५ डिसेंबर, हुबळी

सहावी रात्र. पॉइंट तीन हजार. सातवी आपली झाली! पण आज सकाळी जे केलं ते लिहायला हात धजत नाही. तरी लिहितो, देव सगळं बघतोच, वहीनं बघितलं म्हणून काय बिघडणार.

रोज सकाळी स्नान झाल्यावर मी कपाळाला भंडारा लावतो. घरी पंच्यानं तोंड पुसतो, तो पिवळाच आहे. आज नामस्मरणाच्या नादात भंडारा लावून झाल्यावर पुन्हा तोंडावर पाणी मारलं आणि हॉटेलचा मोठा पांढरा टॉवेल तोंडावरून फिरवला. मधोमध पिवळा पट्टा.

चोवीस वर्षं टॉवेलवरचा ठिपकासुद्धा नजरेतून सुटू न दिलेला माणूस मी. घाबरलो. बेसिनमध्ये साबण लावून घासलं. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे कुंकू लावणाऱ्या कुठल्याही घरातलं पोर सांगेल. मला ते घासून झाल्यावर आठवलं. टॉवेल असा दिसू लागला की खोलीत कोंबडं कापलंय.

दारावर झाडणारी बाई. मी आतून ओरडलो, "पूजा चालू आहे!" हे तरी खोटं नव्हतं, धावा चाललाच होता.

शेवटी तो टॉवेल पिळून पिशवीत घातला आणि नमुन्यातला आमचा एक, त्याच मापाचा, घडी घालून दांडीवर ठेवला. आमचा दीडपट वजनाचा. हॉटेलचा फायदाच झाला. काउंटरवर सांगायला हवं होतं, पण काय सांगणार? हिशेबात चुकलेलं काहीच नाही, असं स्वतःला समजावत किल्ली दिली. निघताना वाटलं, सगळेजण माझ्या पिशवीकडेच बघतायत.

नमुना एक कमी. त्याची किंमत माझ्या नावावर धरावी.

६ डिसेंबर, विजापूर

उद्या घर. दुपारी एका देवळाच्या ओट्यावर बसून भाकरी खात होतो तेव्हा फोन वाजला. सुखनिवासचा निरोप. खोलीतली वस्तू गहाळ: मोठा टॉवेल, एक. दंड १,४५०. सदस्यत्व स्थगित. पॉइंट शून्य.

घास तोंडातच राहिला. सहा रात्री, तेरा हजार दोनशे, एक पाण्याची बाटली आणि दोन बिस्किटं.

पण पॉइंटचं दुःख पाच मिनिटांत मावळलं, कारण त्याच्यामागून दुसरं आलं. सोलापूरचा टॉवेलवाला हॉटेलातून टॉवेल चोरून पळाला! ज्या माणसाला चोरायला जगात सगळं मोकळं होतं, त्यानं नेमका टॉवेल चोरला.

रंभाला फोन केला. तिला आधी हसू आलं, मग राग आला, मग ती नीट बोलली.

"हळदीचा डाग व्हय? अवो, उन्हात टाकायचा की. दोन दिसात जातुय. साबण कशाला लावला?"

"आठवलं नाही."

"आता?"

"पैसे जेमतेम आहेत. घरी येण्यापुरतं पेट्रोल आहे. किंवा हुबळीला मागं जाण्यापुरतं. दोन्ही नाही."

ती शेडमध्येच होती. मागून मागांचा आवाज यायला हवा होता, आला नाही.

"मागं जावा," ती म्हणाली. "ऑर्डर न्हाई तर न्हाई. पर चोर म्हणून घरी येऊ नगा. आन् ऐका, रंगवायच्या बाता खोट्या हायेत. चार माग आज टेंपोत घालून नेले. भंगारवाल्यानं."

वजन कशाला लागतं ते कळलं.

७ डिसेंबर, हुबळी

या वेळी पाहुणा नव्हतो. वॉचमननं पिशवी पाहिली आणि म्हणाला, "मागच्या दारानं." गेलो.

तिथं आधी मॅनेजरला बोलावून सगळं सांगितलं, भंडारा, साबण, कोंबडं. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं. "दंड सिस्टीमनं लावलाय. टॉवेल लाँड्रीत द्या." माझ्या अब्रूची त्यांना काही पडलेली नव्हती. मीच दोनशे किलोमीटर तिचं ओझं वाहत आलो होतो.

लाँड्री म्हणजे मागचं पत्र्याचं अंगण. दोऱ्या, वाफ, मोठी यंत्रं. तिथली प्रमुख बाई माझ्याच वयाची. कपाळभर कुंकू, हातात चिमटे. तिचं नाव चंद्रव्वा. मी लाल झालेला टॉवेल पुढे केला आणि मान खाली घातली.

ती टॉवेलकडे बघेना, माझ्या कपाळाकडे बघू लागली. "बीरप्पाचा भंडारा काय री अण्णा?"

"होय. तुम्हाला मराठी येतं?"

"माहेर अक्कलकोटाकडचं माझं. आमच्या घरीबी भंडारा. साबण लावलात का?"

"लावला."

"यप्पा! बाईमाणसाला तरी इचारायचं." तिनं तो दोरीवर पसरला, डाग उन्हाकडे करून. "बिसिल लागू द्या. सांजपर्यंत अर्धा जातो." मग मला म्हणाली, "आता तुम्ही सांगा. हा कुणाचा?"

दोरीच्या टोकाला आमचा टॉवेल होता.

"माझा. म्हणजे आमच्या शेडचा. बदल्यात ठेवला होता."

"दोन दिवसात सहा वेळा मशीनमदी घातला मी. आमचे बगा." तिनं शेजारचा निळ्या पट्टीचा ओढून दाखवला. लूप लोंबत होते. "चार महिन्यात फाटतात. पावण्यांचा ओरडा मला, दुकानवाला ऐकत न्हाई. किती पडतो हा?"

मी विकायला उभा नव्हतो, माफी मागायला उभा होतो, म्हणून असेल, आवाज कापला नाही. किंमत सांगितली. धागा कुठला, पीळ किती, कडेची शिलाई दुहेरी का घालतो, ते सगळं सांगितलं. ती शिलाई माझी बायको घालते, हेही सांगितलं. चोवीस वर्षांत एवढं बोललो नसेन.

चंद्रव्वानं चिमटे टोपलीत टाकले, दोन टॉवेल दोन खांद्यांवर घेतले आणि मला तसंच खरेदीवाल्या साहेबांच्या खोलीत नेलं. आत काय बोलली ते कानडीत होतं. साहेबांनी दोन्ही टॉवेल ओढून बघितले, एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे.

दोनशे चाळीस नग, चाचणी म्हणून. संक्रांतीआधी. टिकले तर सुखनिवासच्या पाचही हॉटेलांचं काम.

दंड माफ झाला नाही. पॉइंटही नाहीत. मी विचारलं नाही, हेही लिहून ठेवतो, कारण मला स्वतःलाच त्याचं नवल वाटतंय. मालकांनी पेट्रोलचे पैसे फोनवरून पाठवले. "मामा," ते म्हणाले, आणि त्यांच्या वडिलांचा आवाज कुठल्या कुठं गेला होता, "टॉवेल बोलला ना?"

"बोलला. पण मागच्या दारानं."

११ डिसेंबर, सोलापूर

शेडमध्ये चार मागांच्या जागी तेलाचे चार काळे चौकोन आहेत. ते परत येणार नाहीत. तिथं काम करणाऱ्या दोघांनी कुंभारीला दुसरीकडे काम धरलं. मी बेळगावात एसीत झोपून सातवी रात्र कुणाची याचा विचार करत होतो तेव्हा इथं लोखंडाचा भाव ठरत होता.

मालक माझी वही वाचून गेले. म्हणजे फक्त खर्चाच्या ओळी, बाकीच्यावर मी हात ठेवला होता. सहा मुक्कामांवर त्यांनी लाल पेनानं गोल केला आणि वही परत दिली. रागावले असते तर बरं झालं असतं.

हुबळीच्या ऑर्डरमुळे उरलेले आठही माग चालू आहेत.

८ जानेवारी, हुबळी

माल पोचवायला मी आणि रंभा. मालक म्हणाले, तिलाही न्या, शिलाईबद्दल काही विचारलं तर सांगेल. खरं कारण तिनं वाटेत सांगितलं. "मीच म्हणलं त्यांना. ह्यो मानूस परत पुढच्या दारानं जाईल म्हणून."

पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. माल सकाळी नऊनंतरच उतरवून घेतात. चंद्रव्वा म्हणाली, गाडी आत अंगणात लावा. रंभानं आणि तिनं एकमेकींचं कुंकू बघितलं आणि अर्ध्या तासात माझं भंडाऱ्याचं प्रकरण पहिल्यापासून सांगून झालं, दोन भाषांत, दोन्हीकडून.

वर खोल्यांचे दिवे लागलेले. मी म्हणालो, "त्या तिसऱ्या खिडकीत मी होतो."

"गादीत रुतून?"

"हो."

"हितं बरं हाय," ती म्हणाली आणि टॉवेलच्या गठ्ठ्यांना पाठ लावून बसली.

९ जानेवारी, हुबळी

दोनशे चाळीस नग मोजून दिले, एकही परत नाही. पावती घेतली.

काल रात्री आम्ही मालाशेजारीच झोपलो. आबा कळपाच्या कडेला झोपायचे तसं, एक डोळा मालावर ठेवून, आणि तो डोळा लागला तरी चालायचा. पहाटे थंडी पडली तेव्हा रंभानं वरच्या गठ्ठ्यातले दोन टॉवेल काढून आमच्या अंगावर टाकले आणि उजाडताच पुन्हा घडी घालून ठेवले. घडी माझ्यापेक्षा बरी होती, म्हणून मी बोललो नाही.

सकाळी चंद्रव्वानं स्वयंपाकघरातून दोन ताटल्या उप्पीट आणि चहा पाठवला. पैसे विचारले तर म्हणाली, "रात्रभर आमच्या मालाची राखण केलीत. त्याचे काय पैसे घेऊ री?"

रंभा ताटली घेऊन गाडीच्या पायरीवर बसली. "किती रुपयांचं लिव्हणार हे?"

पेट्रोल १,८००. जेवण शून्य.

मुक्काम शून्य. मुक्कामाबद्दल मिळाले: उप्पीट, दोन ताटल्या. वर गुळाचा खडा.